खळीतला ग्रह

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आमच्या बेलापूरच्या घरात संगणक आला. कारखान्याच्या हापिसानं मोडीत काढलेला. पप्पांनी तो सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून दोन खेपांत आणला. पहिल्या खेपेला पडदा, दुसऱ्या खेपेला डबा. मधल्या वेळात आईनं समोरच्या खोलीतल्या शिवणयंत्रावरचं सगळं सामान उचलून जागा करून ठेवली होती. तोंडानं मात्र ती म्हणत होती, "घरात आधी बसायला जागा नाही, त्यात हे धूड." यंत्र चालू झालं की दळणाच्या गिरणीसारखा आवाज करायचं आणि पडदा उजळायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहाला आधण ठेवून यावं. नेटचं डोंगल टेबलावर चालत नसे. त्याला रेंज फक्त खिडकीच्या गजाशी मिळायची, म्हणून पप्पांनी ते लांब वायरीनं गजाला टांगलं होतं आणि त्याच्यावर ऊन लागू नये म्हणून माझ्या शाळेच्या वहीचा पुठ्ठा लावला होता.

पप्पा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसाचे नमुने नळीत भरायचे, त्यातून उजेड सोडायचा आणि तो किती वळला यावरून साखर किती हे सांगायचं, हे त्यांचं काम. ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना मळीचा आंबूस वास असे. आई मिशनच्या दवाखान्यात सिस्टर. गावात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, बायाबापड्या, सरपंच, चर्चमधले पाळकसुद्धा "सिस्टरबाई"च म्हणायचे. तिच्या पदराला जंतुनाशकाचा वास आणि हाताला लसणाचा. या दोन वासांमध्ये मी वाढले. आजही कुठल्या दवाखान्यात कोणी डबा उघडला की मला क्षणभर आई आल्यासारखं वाटतं.

आईच्या मनात मी नर्स व्हावं असं होतं. तिनं तसं कधी ठासून सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्याची गरजच वाटत नव्हती. नगरच्या नर्सिंग स्कूलचा फॉर्म तिनं स्वतः आणला, स्वतः भरला आणि माझ्यापुढे फक्त सहीला धरला. मी सही केली. घराण्यात पहिली शिकलेली बाई म्हणजे आई, आणि तिला ते शिक्षण त्याच शाळेनं दिलं होतं. तिथं मी "नाही" कोणत्या तोंडानं म्हणणार? आणि नाही म्हणून दुसरं काय सांगणार? मला फिजिक्स आवडतं हे खरं होतं, पण आवडतं याला आमच्याकडे उत्तर म्हणत नसत.

ती दुसरी गोष्ट सुरू केली श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या जगताप मॅडमनी. आमच्या फिजिक्सच्या मॅडम. बारीक चणीच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जाणारा. परीक्षा झाल्यावर वर्गाला एकदा बोलावून त्यांनी फळ्यावर एक पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, "सुट्टीत सिनेमे बघाल तेव्हा थोडा वेळ हेही बघा." आकाशात सोडलेली एक दुर्बीण हजारो ताऱ्यांचा उजेड न थांबता मोजते आहे, त्याचे आलेख सगळ्या जगाला उघडे करून ठेवलेत. ताऱ्यासमोरून त्याचा एखादा ग्रह गेला की तेवढा वेळ उजेड जरासा उतरतो. ग्रह दिसत नाही, उतरलेला उजेड दिसतो. यंत्रं ते शोधतात, पण काही त्यांच्या नजरेतून सुटतं, म्हणून माणसांनीही बघावं. "कुणीही?" असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "डोळे असलेल्या कुणीही."

मी घरी जाताना एसटीत कविताला हे सांगितलं. कविता माझी वर्गमैत्रीण, गावाबाहेर कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती. चार गाई आणि मोसंबीचा बाग. ती रोज धारा काढून, डेअरीत दूध घालून मग कॉलेजला यायची. "म्हंजी आपल्या सूर्यावानी दुसऱ्याच सूर्याचा ग्रह?" तिनं विचारलं. मी म्हटलं हो. बेलापूरला उतरताना ती म्हणाली, "तुज्या घरी यंत्र आलंय ना? उद्या दुपारी येते."

ती आली ती रोजच यायला लागली. अकराला वीज यायची ती चारपर्यंत राहायची, आणि तेवढे पाच तास आमचे. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरे ठिपके, मुंग्यांची रांग निघाल्यासारखे. बहुतेक तारे सरळ रांगेतले. काही लाटेसारखे वरखाली. काही नुसते विस्कटलेले. एक तारा, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या आठवड्यात मला डोळे मिटले तरी ठिपके दिसायचे. कविताला कंटाळा नव्हता. मोसंबीच्या ढिगातून डागी फळ ती न बघितल्यासारखं करून उचलून बाजूला टाकायची, तशी ती पडद्याकडे बघायची. एकदा आई दवाखान्यातून आली, आमच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "हा कुणाचा ईसीजी?" आम्ही हसलो. आई हसली नाही. ती वाकून नीट बघत म्हणाली, "पेशंट बरा दिसतोय. पण मधे दोन ठोके चुकलेत." आणि आत भाकरी टाकायला निघून गेली. ती जे ठोके म्हणाली ते दुर्बिणीच्या बिघाडाचे होते, पण तिनं ते बरोबर हेरले होते.

मेच्या मध्यावर, डब्यातली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात असताना, कविताचा घास हातातच राहिला.

"रेबे, थांब. मागं घे. हां. ही बघ, गालाला खळी पडावी तसं हितं पडलंय."

रांग सरळ चालली होती आणि मधेच हळूच खाली उतरून, तळाशी थोडी सपाट राहून, परत वर आली होती. शंभर भागांतला जेमतेम एक भाग. मी पुढे सरकवलं. बावीस दिवसांहून थोड्या जास्त अंतरानं पुन्हा तशीच खळी. पुन्हा तेवढ्याच अंतरानं पुन्हा. चौथ्या जागी दुर्बिणीचे आकडेच नव्हते, कोरी जागा होती. पाचवी खळी पुन्हा जागच्या जागी, सहावीही. माझे कान गरम झाले. कविता उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. "लई दूर हाय का गं तो?" एवढंच तिनं विचारलं. चारला वीज गेली आणि पडदा काळा झाला, तरी आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत बसलो.

आम्ही तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्या संकेतस्थळाच्या चर्चेत लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका जाणत्या बाईंचं उत्तर आलं, परदेशातून. दोनच ओळी. बहुतेक हा ग्रह नसावा. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी असावी, त्यात एक दुसऱ्याआड गेला की असाच उजेड उतरतो. यंत्रानंही हा तारा बाजूला टाकला होता. मी ते वाचून खुर्चीतून उठले. मला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा ते समजेना. कवितानं मात्र विचारलं, "जोडी असंल तर कसं वळखायचं?"

याचं उत्तर मॅडमनी फोनवर दिलं. दोन तारे असतील तर ते सहसा सारखे नसतात. मोठा लहानाआड जाईल तेव्हाची खळी आणि लहान मोठ्याआड जाईल तेव्हाची खळी, यांची खोली वेगळी पडेल. म्हणजे एक आड एक खळ्या निराळ्या. ग्रह असेल तर सगळ्या सारख्या. पप्पा पलीकडे दाढी करत होते. फेस लागलेल्या तोंडानं ते म्हणाले, "आमच्या लॅबचा नियम सांगू? आकडा विचित्र आला तर पहिला संशय यंत्रावर. दुसरा आपल्यावर. ऊस सगळ्यात शेवटी. दहा वेळा मोजा, मग बोला."

मोजायला आमच्याकडे काय होतं? कागद होता. पप्पांनी श्रीरामपूरहून पाचही खळ्यांच्या छापील प्रती आणल्या, एकाच मापात. त्या आम्ही पातळ ट्रेसिंग कागदावर ठिपका ठिपका करून उतरवल्या. तीन दुपारी गेल्या त्यात. मग समोरच्या खोलीची खिडकी उघडली, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि काचेवर पाचही कागद एकावर एक धरले. कवितानं वरची टोकं धरली, मी खालची. आधी नुसता गोंधळ दिसला. मग मी एक कागद केसभर डावीकडे सरकवला आणि पाच खळ्यांची एकच खळी झाली. तळ तळावर. कड कडेवर. पहिली, तिसरी, पाचवी एकीकडे आणि दुसरी, सहावी दुसरीकडे असं करून पाहिलं, फरक सापडेना. पप्पा चष्मा कपाळावर नेऊन, डोळा काचेला लावून कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांनी आणखी दहा वेळा मोजायला लावलं. दहाव्या वेळेनंतर पट्टी खाली ठेवून म्हणाले, "आता उसावर यायला हरकत नाही."

आयुष्यभर मी हेच करत आले. आता माझ्यासमोर जी यंत्रं असतात ती हजार खळ्या निमिषात एकावर एक ठेवतात आणि त्याला भारदस्त नाव आहे. पण पहिल्यांदा ते जमलं तेव्हा माझ्या बोटांना ऊन लागत होतं आणि कविताच्या काखेतला घाम माझ्या नाकाशी होता, आणि मला वाटत होतं की आम्ही दोघींनी मिळून काहीतरी जिवंत पकडलंय, हात सोडला तर उडून जाईल.

आम्ही सगळ्या कागदांचे फोटो त्या बाईंना पाठवले. या वेळी उत्तर लांबलचक होतं. आम्ही बरोबर असू शकतो, पण नव्यानं एकदा खळी पडताना कुणीतरी बघायला हवी. पुढची कधी आहे ते काढून द्या. आम्ही काढलं. शेवटच्या खळीपासून फेऱ्या मोजत, चार वेळा तपासून. उत्तर आलं: जूनमधला एक मंगळवार, आपल्याकडची दुपार, एक वाजून दहा मिनिटांनी सुरू, पाच वाजून दहाला संपणार. आपल्याकडे दुपार म्हणजे तारा दिसणार नाहीच. पण पॅसिफिकच्या त्या बाजूला तेव्हा रात्र असेल. तिथले एक निवृत्त शाळामास्तर परसात दुर्बीण बांधून बसले होते, ते बघायला तयार झाले.

आणि त्याच मंगळवारी सकाळी दहाला नगरला माझी नर्सिंगची मुलाखत होती.

आई माझ्याबरोबर आली. पहाटे आम्ही निघालो, तिनं इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. मुलाखतीला तीन जणी होत्या. मधल्या मेट्रन आईच्या ओळखीच्या. त्यांनी आईची विचारपूस केली, माझे मार्क पाहिले, चांगलं म्हणाल्या, आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला नर्स का व्हायचंय, बेटा?"

उत्तर पाठ होतं. सेवा, रुग्ण, प्रभूचं काम. आईनं ते मला महिनाभर पढवलं होतं आणि त्यातला शब्दन् शब्द आईच्या बाबतीत खरा होता. म्हणूनच तो माझ्या तोंडातून निघेना. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

"मॅडम, मला व्हायचं नाहीये," मी म्हटलं. "माझी आई फार चांगली नर्स आहे. मला तिच्यासारखं होता येणार नाही. मी एक ग्रह शोधलाय. म्हणजे मी आणि माझ्या मैत्रिणीनं. आज दुपारी तो खरा आहे का ते कळणार आहे."

मग मेट्रन जरा पुढे वाकल्या. "ग्रह? कुठला?" मी पाच मिनिटं बोलले, बहुधा दहा. त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "बाहेर आईला हे तू सांगशील की मी सांगू?"

मीच सांगितलं, पायऱ्यांवर उभी राहून. आईनं ऐकून घेतलं. पर्स उघडली, रुमाल काढला, तोंड पुसलं, परत आत ठेवला. "चल, गाडी चुकेल," म्हणाली. मनमाड रोडच्या खड्ड्यांतून गाडी हिंदकळत चालली होती आणि प्रत्येक धक्क्याला आमचे खांदे एकमेकांना लागत होते, तरी ती खिडकीबाहेर बघत होती. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी नजर सारखी आईच्या मनगटावरच्या घड्याळाकडे जात होती, बारा वाजले, साडेबारा वाजले. राहुरीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. सगळे उतरून बाभळीच्या सावलीत उभे राहिले. कंडक्टर म्हणाला अर्धा तास. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून उसाच्या शेताकडे तोंड करून उभी राहिले.

मागून आई म्हणाली, "सुरू झालं असेल ना?"

मी वळले. तिनं मनगट पुढे केलं. एक बारा.

"दोन मिनिटं झाली," मी म्हटलं.

"पुढे काय होतं ते सांग. नीट सांग. मी त्या दिवशी नुसतं ईसीजी म्हटलं, मला कुणी बसून समजावलं नाही."

मी रस्त्याच्या कडेला काटकीनं मातीत तारा काढला, त्याच्या कडेला ग्रह ठेवला. आता कड आत शिरतेय. आता पूर्ण आत. आईनं शिक्षिकेसारखे प्रश्न विचारले. ढग आले तर? त्या माणसाला झोप लागली तर? तुमचं गणित चुकलं तर? मी म्हटलं, चुकलं तर काहीच होणार नाही, रेघ सरळच राहील. आई म्हणाली, "आणि तू मेट्रनला नाही म्हणून बसलीस." मी म्हटलं, "हो." "बरं," आई म्हणाली. पांढऱ्या साडीला धूळ लागली होती, ती तिनं झटकली नाही.

घरी पोचायला पावणेचार वाजले. ओट्यावर पप्पा आणि कविता बसले होते, मधे पप्पांचं गजराचं घड्याळ. कविता उठून धावतच आली. "मधला टाइम गेला बघ! तीन धाला बरोबर मधी हुता. मी आन् काका हितंच हाय एकपासनं. मी धारंला पन न्हाई गेले, आईला सांगितलं आज तूच काढ." मग माझा चेहरा पाहून ती थांबली. "काय झालं?" आईनंच उत्तर दिलं. "काही नाही. रेबेका नर्स होणार नाही. चहा कुणी केलाय की मीच करू?"

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत आम्ही चौघं ओट्यावर बसलो. समोरून लोक येत होते, जात होते, सिस्टरबाई काय बसल्यात म्हणत होते. आकाशात सूर्य सोडून काही नव्हतं. तरी पप्पा अधूनमधून वर बघत आणि म्हणत, "आता निघायला लागला असेल." पाच दहाला त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि उगीचच माझ्याशी हस्तांदोलन केलं. मग कविताशी. मग, लाजून, आईशी.

मेल दुसऱ्या दिवशी दुपारी आली, वीज आल्या आल्या. जगताप मॅडमही श्रीरामपूरहून आल्या होत्या. आलेख उघडायला जीव जाईल इतका वेळ लागला, वरून खाली एकेक ओळ उमटत गेली. आधी सरळ रेघ. सरळच. मी टेबलाची कड घट्ट धरली. आणि मग ठिपके उतरले. उतरले, तळाशी सपाट राहिले, वर आले. कविताच्या तोंडून जो आवाज निघाला तो शेजारच्या चार घरांत ऐकू गेला असेल. खाली मास्तरांनी लिहिलं होतं की खळी आमच्या वेळेच्या सहा मिनिटं आधी पडली.

"सहा मिनिटं?" मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसायलाच लागल्या. दुर्बिणीच्या आकड्यांतल्या वेळा सूर्यावर घड्याळ ठेवल्यासारख्या लावलेल्या असतात. आणि पृथ्वी या दिवसांत सूर्यापेक्षा त्या ताऱ्याच्या जवळ होती, म्हणून ती सावली आपल्यापर्यंत आधी पोचली. "तुमचं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त पृथ्वीवर राहता हे विसरलात."

पुढे ग्रहाच्या ओढीनं होणारं त्या ताऱ्याचं डुलणं मोजून ग्रहाचं वजन काढायला मोठ्या दुर्बिणींना आणखी दोन वर्षं लागली. तो आपल्या शनीएवढा निघाला, त्याच्यावर उभं राहायला जमीन नाही. यादीत त्याला एक लांब आकडा आहे, आमचं नाव नाही. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांत मात्र आम्हा दोघींची नावं आहेत, आधी कविताचं, कारण पहिली खळी तिनं पाहिली होती. कविता बीएससी झाली आणि आता संगमनेरकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. पप्पा गेले. बाकी मी काय केलं ते या पुस्तकात इतरत्र येईलच.

त्या दुपारी मात्र सगळे बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. पप्पा शेजाऱ्यांना बोलावून पडदा दाखवत होते, कविता त्यांना "हात न्हाई लावायचा" म्हणून दटावत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"पुढची कधी?"

"कालपासून बावीस दिवसांनी. त्या दिवशीही दुसरं कुणीतरी बघणार आहे म्हणे. जवळपास रात्री नऊला सुरू."

आई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. त्यावर तिच्या ड्युट्या खुणा करून लिहिलेल्या असत. तिनं दिवस मोजत बोट सरकवलं, एका चौकटीवर थांबली आणि कानामागचं पेन काढलं.

"त्या दिवशी माझी नाईट आहे," ती म्हणाली. "बदलून घेते."